टाकळखोरीचा पाहुणचार

३ नोव्हेंबर, सोमवार

सुखरूप पोहोचलो. मेहकरहून सकाळी सहाच्या एसटीनं निघालो, शेगावला गाडी बदलली आणि अडीच वाजता वरवट बकालला उतरलो. भाऊराव ऑटो घेऊन उभाच होता. तिथून टाकळखोरी अर्ध्या तासावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच केळीची आणि संत्र्याची बाग, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. वडिलांच्या तोंडून या गावाचं नाव मी उभ्या जन्मात पाच-सहा वेळा ऐकलं असेल. इतकं हिरवं असेल असं वाटलं नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी मन मोकळं झालं.

राहायची सोय भाऊरावच्याच घरी आहे. पंचशील नगरातलं शेवटचं घर, समोर कडुनिंब, दोन खोल्या आणि पडवी. त्याची आई जनकाबाई पंच्याऐंशीच्या पुढची असावी. पाठीत वाकलेली, नजर मात्र तीक्ष्ण. जय भीम झाल्यावर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. "दयारामचंच नाक हाये बाप्पा," म्हणाली. "पळून गेलतं ते नाक वापस आलं." सगळे हसले. मीही हसलो.

कशासाठी आलो ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे कामात गोंधळ होणार नाही. प्रसेनजित एप्रिलमध्ये गेला. सव्वीस वर्षांचा होता. हृदय थांबलं. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. अकोल्याच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की हा आजार घराण्यातून आलेला असू शकतो आणि असला तर तो मंजुश्रीतही असेल. तपासण्यांतून नक्की काही कळत नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या आजोबा-पणजोबांकडची माणसं कोणत्या वयात, कशानं गेली? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मंजुश्री तेवीस वर्षांची आहे, अकोल्यालाच नर्स आहे. तिची आई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्यापलीकडे मला आता कोणी नाही. ती यादी मिळवायची आणि परत जायचं, एवढंच काम.

भाऊराव प्रसेनजितच्या पुण्यानुमोदनाला मेहकरला आला होता. त्याआधी आमची भेट नव्हती. नात्यातला म्हणून त्यानं नंबर दिला आणि गावात सगळे जुने कागद आहेत, केव्हाही या, म्हणाला. तो आला नसता तर इथे यायचं मला सुचलं नसतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं. वडिलांचं नाव सापडलं. दुसरीतून नाव कमी केलेलं, कारणाच्या रकान्यात "घरी आजार". कुणाचा आजार ते लिहिलेलं नाही. मी पान उतरवून घेतलं.

शाळेतून निघताना इंद्रभानजी भेटले. माजी सरपंच, वय पासष्ट-सहासष्ट, उंच आणि धिप्पाड. हात धरून मला घरी घेऊन गेले. चालताना मला त्यांना गाठावं लागत होतं. म्हणाले, दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते, हृदय पंधरा टक्केच चालतं म्हणाले होते. "आता पाहा, दोन्ही येळा वावरात जातो."

त्यांच्याकडे जेवलो. याबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे.

वडिलांनी आम्हां भावंडांना एकच सक्त ताकीद दिली होती. टाकळखोरीला गेलात तरी तिथे अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. त्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी गाव सोडलं. आमची माणसं त्या काळी दारोदार भाकर मागत, ओसरीखाली बसून उरलंसुरलं खात. ते सोडायचं असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. वडिलांची ताकीद त्यातलीच, असं मी आजवर धरून चाललो. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आज त्याच गावात मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. इंद्रभानजींची पत्नी सुभद्राबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. गुडघे पार गेलेले, तीन वर्षं उठता येत नाही. ताट आधी आत त्यांच्याकडे नेऊन मग माझ्यापुढे आणलं. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ज्वारीची भाकर, ठेचा. भाकरीचा एक तुकडा कडेनं मोडलेला होता. गाईचा घास काढला असेल. माझ्याबरोबर कोणी बसलं नाही, पाहुण्याचं आधी म्हणाले. मी संकोचलो तर इंद्रभानजी म्हणाले, "अजी लाजता काऊन? शहरातले लोक चिमणीवानी खातात. ताटात काही ठेवू नका, बाईले वाईट वाटते." मी सगळं संपवलं. त्यांच्या सुनेनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि माझं ताट स्वतः उचलून नेलं.

वडील हे पाहायला हवे होते, असं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संग्रामपूरला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दिवस गेला. टाकळखोरीचं कोतवाल बुक आहे, आणि बऱ्या स्थितीत आहे. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे पूर्वी कोतवाल लिहीत असे, ते हे पुस्तक. नाव, वय, आजार, तारीख. मोडी नाही, बाळबोध आहे. तिथल्या बाईंनी टेबल मोकळं करून दिलं. १९३८ ते ४५ उतरवून झालं.

आमच्या घरातले सात मृत्यू या वर्षांत आहेत. वयं बावीस, एकोणीस, एकतीस, आठ, चाळीस, सतरा, पंचवीस. आजार प्रत्येकाचा निराळा. खोकला, पोटशूळ, लकवा, अंगावर सूज, ताप, पुन्हा लकवा, डोळे जाऊन ताप. छातीचं दुखणं एकाचंही नाही. मंजुश्रीला लगेच फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुमचा आवाज किती दिवसांनी असा ऐकला. मी एवढंच म्हणालो की काम नीट चाललं आहे.

जिने चढताना गुडघे दुखले. प्रवासाचे असतील. संध्याकाळी ऑटोतून उतरताना भाऊरावला हात द्यावा लागला.

सुभद्राबाई दारात तुळशीला पाणी घालत होत्या. मी त्यांना ओळखलंच नाही. इंद्रभानजींनी हाक मारून सांगितलं, "पाह्यलं का प्रेमानंदजी, तुमचा पायगुण!" शेजारच्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण आनंदही वाटला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी शेषरावांकडे जेवण. किराणा दुकान आहे. या भागातल्या खाऱ्या पाण्यानं दोन्ही किडन्या गेल्या आहेत, चेहरा सुजलेला, रंग राखेसारखा. वय माझ्याएवढंच. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जातात. "मशीनवर कपडे धुतल्यावानी रक्त धुतात अन् वाळत न घालता घरी पाठवतात," म्हणाले. स्वतःच हसले. मला हा माणूस आवडला.

पातोडीची भाजी केली होती. ताट इथेही आधी त्यांच्याकडे नेलं. या वेळी मधलं दार उघडं होतं. त्यांच्या मुलीनं ताट त्यांच्यावरून डोक्यापासून पायापर्यंत तीनदा ओवाळलं आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. मग ताट मला. मी विचारणार होतो, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. आजारी माणसाच्या घरी काही समजुती असतात, आपण त्यात बोलू नये. मी जेवलो आणि जेवण फार छान झालं असं आवर्जून सांगितलं. शेषरावांनी मला मिठी मारली.

गुडघे जास्त आहेत. पाटावरून उठताना दोघांनी धरलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

कोतवाल बुक भाऊरावच्या ऑटोनं जाऊन पूर्ण केलं. पुस्तक शेवटी १९७१ ला संपतं. काल सकाळपासून लघवी जवळजवळ नाही. पाय सुजले आहेत, चप्पल चढत नाही. तोंडाला धातूसारखी चव.

उतरवलेल्या पानांवर दोन तास बसलो होतो. कारकुनी सवय, रकाने लावून पाहतो. जे दिसलं ते लिहितो.

आमच्या घरी १९३८ ते ५७ या काळात चौदा मृत्यू. त्यांत पन्नाशी गाठलेला एकही नाही. इंद्रभानजींच्या घरी त्याच काळात तीन, तिघांपुढे "म्हातारपण" लिहिलेलं. शेषरावांच्या घरी दोन, "म्हातारपण". गावातल्या सगळ्या मोठ्या घरांपुढे तेच. जणू त्यांना आजार माहीतच नाहीत.

वडील सत्तावन्नला गेले. त्यानंतर आमच्या घराची नोंद अर्थातच नाही. पण पुढच्याच वर्षापासून पंचशील नगरातल्या दुसऱ्या एका घरात मृत्यू सुरू होतात. तरणे. पुन्हा तसेच निरनिराळे आजार. घराच्या कर्त्याचं नाव वाचलं. जनकाबाईचे सासरे.

परत येताना दुकानात शेषराव गूळ तोलत होते. चेहऱ्यावर सूज नाही. आज डायलिसिसचा वार होता. ते गेले नव्हते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जनकाबाईला सरळ विचारलं. भाऊराव भाडं घेऊन गेला होता, घरात दोघंच. तिनं आधी दार लोटून घेतलं.

ती म्हणाली, दुसऱ्या गावांत आजाऱ्याचा उतारा चौरस्त्यावर ठेवतात. टाकळखोरीत माणसाला खाऊ घालतात. ताट आजाऱ्यावरून उतरवायचं, त्यानं भाकरीचा तुकडा मोडायचा, बाकी दुसऱ्यानं खायचं. त्याच्याबरोबर दुखणं जातं. माझ्या वडिलांच्या घराला तो मान होता. मान हाच शब्द तिनं वापरला.

जबरदस्ती चालत नाही. खाणाऱ्यानं खुशीनं खाल्लं पाहिजे, आणि ताट पूर्ण झालं पाहिजे. पूर्वी भूक होती, म्हणून खुशी होती. वडिलांनी मागणं सोडलं तेव्हा त्यांना एवढंच कळलं होतं की न खाणारा जगतो.

मी पाटावर बसलो तेव्हाची माझी खुशी मला आठवली. मी त्यांना जेवण छान झालं म्हणालो.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. घरात आम्ही कधी लिंबू-मिरची बांधली नाही. पण लघवी बंद आहे आणि शेषराव गूळ तोलत आहेत.

मंजुश्रीला मेसेज केला: यादी मिळाली, दोन दिवसांत येतो, तू इकडे यायचं मुळीच नाही. तिनं लगेच विचारलं, काय झालं? काही नाही, असं लिहिलं.

जनकाबाई म्हणाली, "आता कोणाच्या घरचं खाऊ नको बाबू. आपला माणूस देईन तेच खाय." उद्या आठच्या एसटीनं निघायचं ठरलं. त्याआधी अंगात ताकद हवी म्हणून तिनं ज्वारीची कांजी करून दिली. दोन दिवस काही गेलं नव्हतं. गरम होती. मी तिच्या पाया पडलो आणि वाटी चाटूनपुसून प्यालो.

१२ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितो. वाचता येईल का माहीत नाही.

सकाळी स्टँडकडे निघालो. काठी घेऊन. गुडघे वाकत नाहीत. मारुतीच्या पारापर्यंत गेलो. तिथे उजवी बाजू गेली. एकदम. तोंड ओढलं गेलं. हाक मारायला गेलो तर नुसता घरघर आवाज. मातीत पडून होतो. एसटी समोरून आली. थांबली. लोक चढले. गेली.

पाराशेजारच्या घरात दोन वर्षं लकव्यानं पडलेला एक रामराव आहे, असं ऐकलं होतं. तो दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे बोट करून बोलला. स्पष्ट. "आई, तो पाहा, जनकाकाकूचा पाहुणा."

कांजी.

इंद्रभानजींनी उचललं. लहान मुलासारखं, दोन्ही हातांवर. त्यांना धाप लागली नाही. माझा कान त्यांच्या छातीवर. चालता चालता बोलत होते. उपकार मानत होते. रडत होते खरोखर.

म्हणाले, "तुमचा पोरगा बी लई मायाळू होता. याच सालच्या फेब्रुवारीत आलता, जातीच्या कागदासाठी. दोन टाईम जेवला आमच्याघरी. काकू हातची चव लई छान, म्हणे. त्याच्यामुळंच मी उभा हाव."

प्रसेनजित म्हणाला होता, संग्रामपूरला जातो. मी म्हटलं होतं, जाऊन ये.

म्हणजे घराण्यात आजार नाही. मंजूला काही नाही. कधीच नव्हतं.

कानाखाली ठोका. नेमका. तरुण. मी तो ओळखतो. लहानपणी छातीवर झोपायचा माझ्या —

त्यांनी मला परत जनकाबाईच्या पडवीत आणून ठेवलं. हळूच. डोक्याखाली उशी दिली.

१३ नोव्हेंबर

जनकाबाई बसून असते. बोलते. लाजत नाही.

तिचे तीन मुलगे गेले. पहिला इंद्रभानच्या बापाचं जेवला. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं तिनं नावानिशी सांगितलं. "एक राह्यला. आता पाळी भाऊरावची होती. मी काय करू? तुह्या बापानं सोडलं, मंग आमच्यावर आलं. तू वापस आला, आमच्यावरचं गेलं. हिशेबाची गोष्ट हाये का? पोटची गोष्ट हाये."

प्रसेनजित इथे राहिला होता. या पडवीत. पुण्यानुमोदनाला भाऊराव पाहायला आला होता, घरात आणखी कोण आहे.

मी तिच्याकडचं काही घेत नाही. दात आवळतो. पाणी फक्त. ती जबरदस्ती करत नाही. चालत नाही ना —

दुपारी फोन वाजला. मंजू. माझ्या हाताला पोचला नाही. जनकाबाईनं घेतला. माझ्यासमोर. गोड आवाज. "बाई, तुह्या बाबाले लकवा झाला. रडू नको. ये तू. आमी हाओत ना."

मी ओरडलो. घरघर. मंजूला ती ऐकू गेली असेल. "ऐकलं ना बाई? लवकर ये."

मंजू येऊ नको. मंजू येऊ नको

जनकाबाई माझं तोंड पुसते. म्हणते, "भिऊ नको. तू भरला आता. भरलेलं भांडं कामाचं नाई. रिकामं करावं लागते. गावात अजून लई जण बिमार हायेत."

समजलं नाही.

१४ नोव्हेंबर

मंजू आली. सकाळी दहा. अकोल्याहून रात्रभर ड्युटी करून तशीच. युनिफॉर्मवर स्वेटर.

नाडी पाहिली. डोळ्यांत बॅटरी. बाबा घाबरू नका. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तासाभरात येते म्हणाले.

वही तिला दाखवायची. खूण केली. तिला वाटलं पाणी.

पाणी नाही

तिनं पाणी पाजलं.

जनकाबाई तिला म्हणते, बाई, हातपाय धू. दोन घास खाय. उपाशी गाडीत बसू नको. मंजू म्हणते, नको आजी. मग म्हणते, बरं, थोडं.

तिला मागे मोरीवर पाठवलं.

ताट आणलं. माझ्यावरून. डोकं. पाय. एकदा. दोनदा. तीनदा. भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात. थुंकलो. पुन्हा घातला. बोटानं आत ढकलला. आजाऱ्याची खुशी लागत नाही, म्हणाली. खाणाऱ्याचीच खुशी पाहिजे.

समजलं. काल काय म्हणाली ते

वही पुन्हा घेतली. उशीखाली होती. मोठ्या अक्षरात लिहितो. तिला दाखवायचं.

मंजू खाऊ नको

ती पडवीच्या टोकाला बसली. पाठ माझ्याकडे. जनकाबाई मध्ये. वही धरली वर. कोणी पाहत नाही. भाऊरावनं पाहिलं. मान खाली घातली.

मंजू खाऊ न

पडली वही. उचलली.

खाते आहे. भुकेली आहे. म्हणते, आजी, भाकर किती मऊ झाली आहे. माझ्या आईची अशी असायची. हसते आहे. पोटभर, मनापासून खाते आहे.

वही मी उजव्या हातानं उचलली.

उजव्या हातानं लिहितो आहे. बोटं आधी बधिर होती, आता पेन नीट धरता येतं आहे. ओळ सरळ येते आहे. गालाचा ताण सुटतो आहे. पायांतली सूज कुणी हातानं ओढून काढावी तशी उतरते आहे, चादरीवर ओल पसरली. गुडघा वाकला. मी ते थांबवू शकत नाही. मी बरा होतो आहे, आणि मला बरं व्हायचं नाही. ताटात अजून अर्धी भाकर आहे. अजून अर्धी आहे, म्हणजे अजून वेळ आहे. ताट पूर्ण झाल्याशिवाय होत नाही असं जनकाबाई म्हणाली होती, पण मग माझा हात कसा — जितकं खाल्लं तितकं —

घसा मोकळा झाला. मी तिचं नाव घेऊन हाक मारली. आवाज आला. स्वच्छ आणि मोठा.

मंजू वळली. बाबा, म्हणाली, तुम्ही बोललात! तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी प्रसेनजित गेल्यापासून पाहिला नव्हता. ताट तसंच ठेवून ती माझ्याकडे यायला उठली आणि तिचा पाय —